मुंबईच्या गच्चीवर बटाट्याचं निरोगी बेणं: मातीविना, पायरीपायरीने

आमचं मूळ गाव आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर. आजोबा डबे पोचवायला मुंबईत आले, वडिलांनीही तोच धंदा केला आणि मी भांडुपच्या इमारतीत वाढलो. गावची जमीन चुलतभाऊ कसतो. पठारावर पावसाळी बटाटा होतो. जूनच्या पावसावर लागण, दसऱ्याच्या आगेमागे काढणी. मे महिन्यात मंचरच्या बाजारात पंजाबचं बेणं उतरतं आणि दादाचा फोन येतो, "पिशव्या घेतल्यात रे. आता आतून काय निघतंय ते देवाला माहीत." एका वर्षी निम्म्या सऱ्यांमधली झाडं वितभर वाढून थांबली. पानं वरच्या अंगाने वळून द्रोणासारखी झाली, हात लावला की कडक लागायची. विकणाऱ्याने हवामानावर बोट ठेवलं. पण शेजारच्या सरीत दुसऱ्या पिशवीतलं बेणं तरारून उभं होतं. पाऊस दोघांना सारखाच पडला होता.

तो पानं वळवणारा (लीफ रोल) विषाणू होता आणि तो बेण्यातूनच आला होता. तेव्हापासून मी दर थंडीत गच्चीवर अठरा-वीस झाडांपासून बेणं करतो आणि गावी नेतो. ते कसं करायचं, ते इथे सगळं लिहितो. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे: माती काढून टाकली म्हणून बेणं निरोगी होत नाही. मातीविना पद्धत जे आत घालाल तेच वाढवते. निरोगी रोप घातलंत तर निरोगी कंद मिळतील. रोगट रोप घातलंत, तर एकच पाणी सगळ्या मुळांवरून फिरत असल्यामुळे रोग मातीपेक्षाही वेगाने पसरेल.

बेणं बिघडतं कशाने

बटाटा आपण बियांपासून लावत नाही, कंदापासून लावतो. म्हणजे नवं झाड हे जुन्या झाडाचाच तुकडा. जुन्या झाडात विषाणू असेल तर तो कंदातून पुढच्या झाडात जातो, तिथून त्याच्या कंदांत. हा पानं वळवणारा आणि 'वाय' नावाचा विषाणू मावा पसरवतो, शेंडा आकसणारा विषाणू पांढरी माशी पसरवते आणि 'एक्स' नावाचा तर नुसत्या हातांनी आणि कोयत्याच्या पात्याने पसरतो. विषाणूवर औषध नाही. म्हणून दर तीन-चार वर्षांनी बेणं बदला असं कृषी विभाग सांगतो, आणि म्हणून बेण्याची साखळी कुठेतरी पुन्हा शून्यापासून सुरू करावी लागते.

हे शून्य प्रयोगशाळेत मिळतं. कोंबाच्या अगदी टोकाला, मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढ्या भागात, वाहिन्या अजून तयार झालेल्या नसतात, त्यामुळे विषाणू बहुधा तिथवर पोचलेला नसतो. तो कण कापून अगर-अगरच्या पोषक माध्यमावर वाढवतात, उगवलेल्या रोपाची एलायझासारखी विषाणू चाचणी करतात आणि शुद्ध ठरलेलं रोप गाठीगाठीवर तोडून बाटल्यांमध्ये वाढवत नेतात. ही ऊतीसंवर्धित रोपं. यांच्यापासून मिळणारे सुपारीएवढे कंद म्हणजे मिनीट्यूबर, बेण्याची शून्य पिढी.

केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ साली पाटण्यात सुरू झाली आणि १९५६ साली शिमल्याला गेली. आपल्या बटाट्यांच्या वाणांना 'कुफरी' हे आडनाव मिळालं ते शिमल्याजवळच्या कुफरी गावावरून. या संस्थेच्या एरोपॉनिक्स पद्धतीत मुळं अंधाऱ्या पेटीत लोंबकळतात आणि त्यांच्यावर पोषकद्रव्यांचं धुकं फवारलं जातं. तिच्या नोंदीनुसार जाळीघरात मातीत लावलेल्या रोपाला आठ-दहा मिनीट्यूबर येतात, तर या पेटीत एका रोपाला ३५ च्या पुढे. कारण साधं आहे. मातीत कंद एकदाच काढता येतात. पेटीत दार उघडायचं, मोठे झालेले तेवढे खुडायचे, दार लावायचं. झाड पुन्हा नवे कंद धरतं. हरियाणात कर्नालजवळ शामगढच्या बटाटा तंत्रज्ञान केंद्रात हे मोठ्या प्रमाणावर चालतं.

मुंबईत हे जमतं का

जमतं, पण तीन-साडेतीन महिनेच. बटाट्याला कंद धरायला रात्र थंड लागते, १५ ते २० अंश. रात्र २२ च्या वर गेली की झाड पाल्यात रमतं आणि कंद धरत नाही. सांताक्रूझला जानेवारीत सरासरी किमान तापमान १७ अंशांच्या आसपास असतं, दुपारी ३०-३१. डिसेंबर आणि फेब्रुवारी काठावर असतात. मार्चच्या मध्यानंतर गाशा गुंडाळायचा. एक जमेची बाजू मात्र आहे. थंडीत आपला दिवस अकरा तासांचा असतो आणि लहान दिवस कंद धरायला मदत करतो. म्हणून गच्चीवर रात्रभर हॅलोजन जळत असेल तर त्याचा उजेड झाडांवर पडू देऊ नका. झाडाला दिवस मोठा वाटतो.

मुलुंड, भांडुप, बोरिवली, गोरेगावचा आरेकडचा भाग, म्हणजे राष्ट्रीय उद्यानाच्या कडेचा पट्टा, समुद्राकाठापेक्षा रात्री थोडा थंड असतो. कुलाबा-वरळीत राहत असाल तर गच्चीवर हे करण्यात अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे मुळांच्या पेटीला चिलर लावावा लागेल, आणि तेवढ्या खर्चात गावाकडच्या जाळीघरात जास्त काम होतं.

वाण निवडताना हेच ध्यानात ठेवा. 'कुफरी सूर्या' हा २००६ साली प्रसारित झालेला वाण उष्णता सोसणारा आहे, रात्र २०-२२ अंशांवर असली तरी कंद धरतो. 'कुफरी लवकर' १९७२ सालचा, महाराष्ट्राच्या पठारी भागासाठीच काढलेला, नावाप्रमाणे लवकर तयार होणारा. गावाला 'कुफरी ज्योती' हवा असेल तर तोही करता येतो, पण मुंबईत तो हात आखडूनच देतो. मी सूर्यापासून सुरुवात केली आणि तुम्हालाही तेच सांगेन.

सप्टेंबर: जागा आणि जाळी

सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या. शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो वजन, ती तुळईवर येईल अशी ठेवा आणि खाली गळणार नाही याची सोय करा. एकदा खालच्या मजल्यावर ओल उतरली की पुढचा हंगाम मिळत नाही.

मग जाळीची खोली. लोखंडी पाइपाचा सांगाडा, त्यावर ४० मेशची, म्हणजे इंचाला ४० भोकांची, कीटकरोधक जाळी; पांढऱ्या माशीचा त्रास असलेल्या भागात ५० मेशची. नेहमीची हिरवी शेडनेट चालत नाही, तिच्या भोकांतून मावा आरामात आत जातो. दाराला दोन पडदे करा आणि मध्ये माणूस उभा राहील एवढी जागा ठेवा. एक बंद केल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. आमच्याकडे माकडं येतात, म्हणून बाहेरून वेल्डमेशही लावावी लागली.

गच्चीवर मिरची, वांगी, टोमॅटो, जास्वंद असेल तर ते हलवा. मला ठाऊक आहे, शेजारच्या काकूंची दहा वर्षांची जास्वंद हलवा म्हणणं सोपं नाही. पण मावा आणि पांढरी माशी तिथेच पोसली जाते, आणि मिरची-वांगी-टोमॅटो तर बटाट्याचे सख्खे भाऊबंद. हलवणं अशक्य असेल तर गच्चीचं दुसरं टोक धरा. आत पिवळे चिकट सापळे टांगा, पंधरा दिवसांनी बदला. बाजारातला बटाटा आत आणायचा नाही, कोंब आलेला तर नाहीच.

ऑक्टोबर: रोपं आणणं आणि कणखर करणं

रोपं केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या राष्ट्रीय प्रमाणन प्रणालीत मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतूनच घ्या आणि त्या खेपेचं विषाणूमुक्तीचं प्रमाणपत्र मागा. प्रमाणपत्र नसेल तर रोपं फुकट मिळाली तरी घेऊ नका.

बाटलीतलं रोप नाजूक असतं. शंभर टक्के दमट हवेत वाढलेलं, पानांवर मेणाचा थर जवळजवळ नाही. मुळांना चिकटलेलं अगर कोमट पाण्यात हळूच धुऊन काढा, थोडंही राहिलं तर त्यावर बुरशी धरते. कोकोपीट आधी भरपूर पाण्याने तीन-चारदा धुवा, त्यात क्षार असतात. मग उकळतं पाणी ओतून निथळू द्या. प्रो-ट्रेमध्ये रोपं लावा, वर पारदर्शक डबा उपडा घाला आणि सावलीत ठेवा. तीन दिवस डबा पूर्ण बंद, चौथ्या दिवसापासून रोज थोडा जास्त उघडा, दहाव्या दिवशी काढून टाका. पाणी साधं नको, पुढे दिलेल्या द्रावणाचं निम्म्या ताकदीचं.

इथे एक बचतीची युक्ती आहे. कोवळ्या रोपाची पानं साधी, गोलसर असतात. संयुक्त पानं, म्हणजे एका देठावर अनेक पानुकली, नंतर येतात. गोलसर पानांच्या अवस्थेत रोपाला पाच-सहा पानं झाली की शेंडा दोन-तीन पानांसह निर्जंतुक ब्लेडने कापा आणि कोकोपीटमध्ये खोचा. दहा-पंधरा दिवसांत त्याला मुळं फुटतात आणि खालच्या रोपाला नवे फुटवे येतात. सहा विकतच्या रोपांपासून मी अठरा अशीच केली. संयुक्त पानं दिसू लागली की कापणं थांबवा, त्यानंतरच्या छाटकलमांना तो जोम राहत नाही. प्रत्येक रोपानंतर ब्लेड सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये बुडवायचं. प्रत्येक रोपानंतर, ट्रे संपल्यावर एकदाच बुडवून काही उपयोग नाही.

पहिल्याच वर्षी पेटी करू नका असा माझा सल्ला आहे. पहिला हंगाम हीच रोपं दहा इंची पिशवीत, कोकोपीटमध्ये वाढवा आणि रोज द्रावण द्या. झाडामागे पाच-सात कंद येतील, पण पंप बंद पडला म्हणून काही मरणार नाही आणि तोवर तुम्हाला द्रावण, मावा आणि झाडाची चाल कळलेली असेल. मी घाई केली होती. दुसऱ्याच आठवड्यात कर्जतला लग्नाला गेलो, इकडे गाळणी तुंबली, संध्याकाळी परत आलो तेव्हा सगळी मुळं दोऱ्यासारखी सुकलेली. एरोपॉनिक्समध्ये मुळांना आधार म्हणून काहीच नसतं. ऊन असेल तर तासा-दोन तासांत खेळ संपतो.

पेटी आणि पंप

माझी पेटी १.२ मीटर लांब, ०.६ मीटर रुंद आणि पाऊण मीटर उंच आहे. मरीन प्लायचा सांगाडा, आतून मल्चिंगचा कागद, काळी बाजू आत आणि चंदेरी बाहेर. आत उजेडाचा एक किरणही नको, नाहीतर शेवाळ धरतं आणि कंद हिरवे पडतात. झाकण दोन इंची थर्मोकोलचं, त्याला २० सेंटिमीटरवर २५ मिलिमीटरची भोकं, तीन रांगा सहा-सहाच्या, म्हणजे अठरा झाडं. एक लांब बाजू बिजागरीची ठेवा, त्याच दारातून कंद खुडायचे आहेत. तळाला उतार देऊन पाणी टाकीत परत जाऊ द्या.

पंपासाठी फार शोधाशोध करू नका. शेतकऱ्यांच्या बॅटरीवरच्या पाठीवरच्या फवारणी पंपात जो १२ व्होल्टचा डायफ्राम पंप असतो तोच घ्या. तो चार बार दाब सहज देतो आणि मुख्य म्हणजे बॅटरीवरच चालतो. बॅटरी चार्जरला कायम जोडून ठेवली की वीज गेली तरी फवारा थांबत नाही. आपल्याकडे वीज सहसा जात नाही, पण सोसायटीत दुरुस्तीसाठी कुणीतरी मेन स्विच पाडतो, तेव्हा हीच बॅटरी झाडं वाचवते. १२ अँपिअर-अवरची बॅटरी रात्र आरामात काढते. एक पंप जास्तीचा आणून ठेवा.

पंपापुढे ठिबकची १२० मायक्रॉनची चकतीची गाळणी, तिच्यापुढे सोळा मिलिमीटरची नळी आणि तासाला सात लिटर पाणी धुक्यासारखं सोडणारे सहा फॉगर. जादा दाबाचं पाणी टाकीत परत नेणारी एक फांदी व्हॉल्व्हसह ठेवा. सेकंदांचा सायक्लिक टायमर लागतो, मिनिटांचा घेऊ नका. विजेचं सामान लोहार चाळीत, नळ्या-जोडण्या नागदेवीला आणि पीएच (पाण्याची आम्लता) व ईसी (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) मोजायची यंत्रं प्रिन्सेस स्ट्रीटला मिळतात. विद्राव्य खतांसाठी पनवेल किंवा कल्याणच्या कृषी सेवा केंद्रात जावं लागतं.

द्रावण

महापालिकेचं पाणी तलावांचं, त्यात क्षार फार कमी. आपल्यासाठी ते उत्तम. रात्रभर उघड्या बादलीत ठेवून क्लोरिन जाऊ द्या, मग वापरा. बोअरचं पाणी मुंबईत बहुतेक ठिकाणी खारट असतं, ते नको.

शंभर लिटर पाण्याला मी घेतो: कॅल्शियम नायट्रेट ६० ग्रॅम, १३-०-४५ (पोटॅशियम नायट्रेट) तीस ग्रॅम, ०-५२-३४ (मोनो पोटॅशियम फॉस्फेट) सतरा ग्रॅम, ०-०-५० (पोटॅशियम सल्फेट) दहा ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ३५ ग्रॅम, बारा टक्क्यांचं चिलेटेड लोह दोन ग्रॅम, आणि चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण पाकिटावर ठिबकसाठी दिलेल्या प्रमाणात. याचा ईसी दीड मिलिसिमेन्सच्या आसपास येतो. पहिले दहा दिवस हे निम्मं करा.

एक चूक सगळेच एकदा करतात. कॅल्शियम नायट्रेट आणि बाकीची खतं एकाच मग्यात दाट विरघळवतात. कॅल्शियम हे सल्फेट आणि फॉस्फेटशी मिळून पांढरा गाळ तळाला बसतो. अन्न वाया जातं आणि फॉगर तुंबतात. दोन वेगळ्या बादल्या करा. एकीत कॅल्शियम नायट्रेट आणि लोह, दुसरीत बाकी सगळं. टाकी पाण्याने भरलेली असताना एक बादली ओता, ढवळा, मग दुसरी.

रोपं लावून पाच-सहा आठवडे झाले आणि पाला पेटीच्या वर दोन वित गेला की नत्र कमी करायचं. कॅल्शियम नायट्रेट ५०, १३-०-४५ फक्त १० आणि ०-०-५० वाढवून ३० ग्रॅम. भरपूर नत्र आणि उबदार रात्र एकत्र आली की झाड कंद विसरतं. मुंबईत रात्र आपल्या हातात नाही, नत्र मात्र आहे.

पीएच ५.५ ते ६.२ ठेवा. तो बहुधा वर चढतो, फॉस्फरिक ॲसिडचे थेंब पाण्यात पातळ करून टाकीत घाला, हातमोजे घालून. ईसी दोनच्या वर जाऊ देऊ नका. ऊन वाढलं की झाड पाणी जास्त पितं, क्षार मागे राहतात आणि ईसी चढतो, तेव्हा साधं पाणी भरा. दर पंधरा दिवसांनी टाकी रिकामी करून नवं द्रावण. जुनं पाणी सोसायटीच्या नारळाला घाला, तो आनंदाने घेतो.

नोव्हेंबर ते मार्च: पेटीतली झाडं

नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, रोप वितभर झालं की पेटीत हलवा. मुळांचं कोकोपीट धुऊन काढा, भोकात रोपाभोवती स्पंजचा तुकडा गुंडाळा, मुळं आत लोंबू द्या. पहिले दोन दिवस झाडं मलूल दिसतील, वरून ओलं कापड आडवं धरा. फवारा दिवसा तीस सेकंद चालू, पाच मिनिटं बंद. रात्री बंदची वेळ दुप्पट. मुळं पांढरीशुभ्र आणि लवदार दिसली पाहिजेत.

तीन आठवड्यांनी जी गोष्ट करायची ती बरेच जण विसरतात, आणि कंदांची संख्या तिच्यावरच ठरते. खालची तीन-चार पानं स्वच्छ कात्रीने काढा, जखम दोन दिवस सुकू द्या, मग स्पंज सैल करून खोड तेवढं पेटीत खाली उतरवा. अंधारात गेलेल्या प्रत्येक गाठीतून स्टोलन निघतात, म्हणजे ज्यांच्या टोकाला बटाटा धरतो ते आडवे धुमारे. मातीत आपण भर घालतो तेच हे काम. आणखी पंधरा दिवसांनी एकदा पुन्हा उतरवा. वर उरलेल्या खोडांना सुतळीचा आधार द्या.

दुपारी टाकीतलं पाणी तापतं. पाणी २० अंशांच्या जवळ राहिलं पाहिजे, २५ च्या वर गेलं की त्यात प्राणवायू कमी राहतो आणि मुळं कुजायला लागतात. मी टाकीला थर्मोकोल बांधलं आहे आणि फ्रीजरमध्ये गोठवलेल्या दोन लिटरच्या बाटल्या सकाळी अकराला आणि दुपारी तीनला सोडतो, बंद बाटल्या, बाहेरून धुतलेल्या. संध्याकाळी सातनंतर एक बाटली पुन्हा, म्हणजे रात्रीचा फवारा थंड जातो. हा उपाय वेळखाऊ आहे, घरात कुणी दिवसा असेल तरच जमतो. आमच्याकडे आई करते. कंदांची संख्या वाढली ती तिने रात्रीची बाटली सुरू केल्यावर.

रोज सकाळी पाच मिनिटं पानांच्या खालच्या बाजू पाहा. मावा दिसला तर ओल्या कापसाने टिपून टाका आणि जाळी कुठे फाटली ते शोधा. पान वर वळतंय, हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांची नक्षी दिसतेय, शेंडा आकसलाय, असं एखादं झाड दिसलं तर विचार करत बसू नका. ते मुळासकट काढा, पिशवीत बंद करा, कचऱ्यात टाका, साबणाने हात धुवा आणि मगच दुसऱ्या झाडाला हात लावा. एक छान वाढलेलं झाड उपटताना जीव तुटतो. पण खाण्याच्या बटाट्यात एक रोगट झाड म्हणजे पाव किलोचं नुकसान, बेण्यात एक रोगट झाड म्हणजे गावातल्या एका सरीचं. आणि झाड एकाएकी माना टाकून हिरवंच कोमेजलं, खोड कापून पाण्यात धरल्यावर दुधी धागा सुटला, तर ती बांगडी, म्हणजे जिवाणूंमुळे होणारी मर. तेव्हा एक झाड काढून भागत नाही. फिरत्या पाण्यात ती सगळीकडे गेलेली असते. ती पूर्ण खेप टाकून द्या. त्यातला एकही कंद बेणं म्हणून गावी जाता कामा नये.

मुळं तपकिरी आणि बुळबुळीत झाली तर पाणी गरम होतंय किंवा फवारा जास्त होतोय. पानांच्या कडा करपल्या तर आधी ईसी बघा. पाला दाट, गडद हिरवा आणि जानेवारी उजाडला तरी कंद नाहीत, तर नत्र आणखी उतरवा.

खुडणी

पहिली खुडणी पेटीत लावल्यापासून ५५-६० दिवसांनी, म्हणजे जानेवारीच्या सुरुवातीला. दार उघडा, हात धुतलेले हवेत. पाच ग्रॅमच्या वरचे, मोठ्या सुपारीएवढे कंद तेवढे काढा. एका हाताने स्टोलन धरायचा, दुसऱ्या हाताने कंद किंचित पिळायचा. ओढायचा नाही, नाहीतर शेजारचे वाटाण्याएवढे पाच तुटून येतात. दार दहा मिनिटांपेक्षा जास्त उघडं नको. मग दर आठ-दहा दिवसांनी खुडणी, मार्चच्या मध्यापर्यंत. शेवटच्या वेळी तीन ग्रॅमपर्यंतचेही घ्या.

पेटीचा जो पहिला हंगाम पुरा झाला त्यात झाडामागे सरासरी नऊ कंद आले, पुढच्या हंगामात तेरा. संस्थेच्या पस्तिसांपासून हे लांब आहे. तिथे तापमान ताब्यात असतं, इथे नसतं. ही तफावत मान्य करूनच उतरा.

कंदांवर पांढरे फुगीर ठिपके दिसतील. ती रंध्रं आहेत, सतत ओल्यात राहून उघडलेली. रोग नव्हे, पण तिथून सड शिरू शकते. म्हणून खुडल्यावर कंद स्वच्छ पाण्यात विसळा, सुती कापडावर एकेरी थरात, सावलीत, पंख्याखाली दिवसभर सुकवा. नंतर दहा-बारा दिवस घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात कागदाच्या ट्रेमध्ये ठेवा, साल घट्ट होते.

साठवण आणि गावची लागण

दोन-अडीचशे कंदांचं वजन भरतं जेमतेम दीड किलो. त्यामुळे शीतगृह शोधायची गरज नाही, घरच्या फ्रीजचा भाजीचा कप्पा पुरतो. तापमान २ ते ४ अंश हवं, थर्मामीटर ठेवून खात्री करा. गोठले तर मेले. कंद जाळीच्या पिशवीत, ती भोकं पाडलेल्या डब्यात, शेजारी ओल्या कापडाची घडी, म्हणजे सुरकुतणार नाहीत. त्या कप्प्यात सफरचंद-केळी ठेवू नका, त्यांच्यातून निघणाऱ्या वायूने सुप्तावस्था बिघडते. डब्यावर वाण, खुडणीची तारीख आणि 'शून्य पिढी' असं लिहा. घरच्यांनाही सांगून ठेवा. आमच्याकडे पाहुण्यांनी एकदा त्यातले मूठभर उकडले होते.

हे कंद जूनमध्ये थेट पठारावर लावू नका. पाच ग्रॅमचा कंद खरिपाच्या उघड्या रानात, तणात आणि चिखलात टिकत नाही. रब्बीपर्यंत थांबा. ऑक्टोबरच्या मध्याला फ्रीजमधून काढा, तीन आठवडे उजेड असलेल्या पण ऊन नसलेल्या जागी पसरा. कोंब आखूड, जाड आणि हिरवट-जांभळे आले पाहिजेत. लांब पांढरे आले तर उजेड कमी पडतोय. दिवाळीच्या सुमारास गावी न्या. मी थर्मोकोलच्या खोक्यात घालून एसटीने मांडीवर नेतो; टपावर टाकलं की कोंब मोडतात.

गावी ज्या तुकड्यात गेली तीन वर्षं बटाटा, मिरची, टोमॅटो, वांगं झालेलं नाही असा तुकडा निवडा. गादीवाफा, ४० मेशच्या जाळीचा बुटका मांडव, कंद दोन इंच खोल, वितभर अंतरावर. इथेही रोगट झाड दिसलं की उपटायचं. जाळी असली तरी बाहेरच्या बटाट्यावर मावा मोजत राहा. शंभर पानांवर वीस मावे दिसले की बेण्याच्या प्लॉटमधला पाला कापून टाकायचा, ही मर्यादा बियाणे प्लॉट तंत्रात ठरलेली आहे. पाला कापल्यावर पंधरा दिवस कंद जमिनीतच राहू द्या, साल पक्की होते, मग काढा.

आमचा हिशोब असा बसतो. अडीचशे मिनीट्यूबरपासून पहिल्या पिढीचं पस्तीस-चाळीस किलो बेणं निघतं. ते मंचरकडच्या शीतगृहात जूनपर्यंत ठेवायचं, खरिपात वेगळं लावायचं आणि आठपट धरलं तर दुसऱ्या पिढीचं तीन क्विंटलच्या आसपास. एकराला सहा ते आठ क्विंटल बेणं लागतं, म्हणजे दीड-दोन वर्षांच्या खटपटीतून अर्ध्या एकराचं. कमी वाटेल. पण यातल्या एका कंदाचा वापर एका वर्षात संपत नाही, पुढची दोन-तीन वर्षं तेच बेणं घरात फिरतं, आणि दर थंडीत गच्चीवरून नवे अडीचशे येतच असतात.

हे बेणं स्वतःच्या रानात लावायला कुणाची परवानगी लागत नाही. बियाणे म्हणून धंदा करायचा झाला तर बियाणे (नियंत्रण) आदेश, १९८३ खाली परवाना घ्यावा लागतो, तो न घेता विकू नका.

मार्चमध्ये शेवटची खुडणी झाली की पेटी, नळ्या, फॉगर, टाकी सगळं एक टक्का ब्लीचच्या पाण्याने धुवा, अर्धा तास तसंच राहू द्या, मग साध्या पाण्याने तीनदा. फॉगर सुटे करून रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवा. जाळी धुऊन, घडी करून, पावसाच्या आत घरात. थर्मोकोलचं झाकण मात्र दर वर्षी नवं घ्या. त्याच्या भोकांच्या कडांमध्ये जे शिरून बसतं ते कुठल्याच ब्लीचने निघत नाही.